दोन्हीकडून

"मामा, नळीला भोक नका पाडू," रणधीर म्हणाला. "नुसता दिसाया पायजे हुक्का."

लेथवरचा भुसा झटकता झटकता दगडोबा कातारी थांबले. उमरग्यात त्यांच्याकडं हुक्का करून घ्यायला आलेल्यांनी आजवर नाना परी सांगितल्या होत्या. कुणाला तोटी पितळी हवी, कुणाला बैठक रुंद. एका म्हाताऱ्या पाटलाला तर खाटेवरून न उठता तोंडाशी येईल एवढी लांब नळी हवी होती. पण भोक नको म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच.

"भोक न्हाय तर त्यो हुक्का कसा? मुसळ झालं की ते."

"मुसळ तर मुसळ. हॉटेलच्या दारात उभं करायचंय, पुरुषभर उंच. लोक शेजारी उभं राहून फोटो काढतेत. पर आरपार भोक दिसलं की पोलीस म्हणणार, हितं हुक्का चालतो. बंदी हाय, मामा. भोक असलं तर म्या माल उचलणार न्हाय, आधीच सांगतो. शिसव मात्र अस्सल वापरा."

आणि हायवेवरच्या आपल्या नव्या हॉटेलाकडं तो निघून गेला.

नळी कातून, घासून तयार झाली. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. हुक्क्यात भोक हेच तर निम्मं काम. लांब नळीत एका बाजूनं गिरमिट पोचत नाही. दोन माणसांनी समोरासमोर बसायचं, आपापल्या टोकाकडून आत शिरायचं आणि मधोमध गाठ पडायची. केसभर चुकलं की दोन भोकं शेजारून निघून जातात, आणि नळी चुलीत.

पलीकडच्या टोकाला कायम सत्यभामाच बसायची. त्यांची बायको.

ती आताही दारातच होती, रिकामं सूप पाखडत. गेल्या पावसाळ्यापासून तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. आधी लेकी गेल्या, मग गल्ली गेली, सगळ्यात शेवटी दगडोबा. आपला नंबर शेवटी लागला, एवढंच त्यांचं समाधान. आता ती त्यांना घरात उतरलेला पाहुणा समजायची, आणि पाहुण्यानं फारच मुक्काम ठोकला अशी तिची तक्रार होती. पण हातात गिरमिट दिलं की हात विसरत नव्हते. दिवसाकाठी दोघं समोरासमोर बसतील असं तेवढं एक काम उरलं होतं. एखाद्या वेळी भोकाबरोबर माणूसही जुळेल, या आशेवर ते प्रत्येक नळी मांडायचे.

आणि हा म्हणतो, भोक नको.

दगडोबांनी क्षणभर विचार केला. दोन्ही टोकांना शिसवाचीच बुचं ठोकून वरून पॉलिश मारलं, तर पोलिसांना काय, रणधीरलाही कळणार नव्हतं. त्यांनी नळी ठोकळ्यांत दाबून बसवली.

"बाई, जरा गिरमिट धरता का?"

जिला उभा जन्म 'अगं' म्हटलं तिला 'बाई, तुम्ही' म्हणायला आता जीभ अडखळत नव्हती. सवय सगळ्याचीच होते.

"आमचे मालक न्हाईत घरी," सत्यभामा म्हणाली. "आले की करतेल."

"ते येईस्तोवर निम्मं उरकू."

तिनं नळीवरून तळवा फिरवला. "शिसव हाय," म्हणाली, आणि पदराला हात पुसून पलीकडं बसली.

दोन्हीकडून गिरमिटं फिरू लागली. चार वेढे आत, बाहेर काढून भुसा झाडायचा, पुन्हा आत.

"दाबू नका असं," ती म्हणाली. "लाकडाला घाई सोसत न्हाय."

हे वाक्य त्यांचंच होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी त्यांनी तिला शिकवलेलं.

"बरं," ते म्हणाले.

"तुमचा हात डावीकडं पळतोय. आमच्या मालकाचा न्हाय पळत."

"लई चांगला हात असंल त्यांचा."

"हात चांगला. तोंड वाईट."

दगडोबा हसले. त्यांना हसताना बघून तीही हसली, पदर तोंडाशी नेऊन, पूर्वीसारखी. तेवढ्यात हाताखालचं लाकूड एकदम हलकं झालं. गाठ पडली होती.

दोघांनी गिरमिटं बाहेर काढली. आता पुढचं ठरलेलं. ती आपल्या टोकाला तोंड लावून जोरात फुंकायची, आतला सगळा भुसा त्यांच्या टोकातून उडायचा, मग ते डोळा लावून भोक सरळ आलंय का बघायचे. फुंकण्याआधी तिनं कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. तिची फुंकर यायच्या आत त्यांचे डोळे आपोआप मिटायचे.

आज त्यांनी मिटले नाहीत. मघाचं तिचं हसू अजून गेलं नसेल. ओळख पटायचीच असेल तर ती आत्ता पटेल, आणि नेमकी ती आपल्याला दिसायची राहील. ते भोकाला डोळा लावूनच बसले. पलीकडं उजेडाचा एक ठिपका होता, त्यात तिच्या हिरव्या लुगड्याचा रंग. मग तिचे ओठ आले आणि ठिपका विझला.

भुसा सपकन डोळ्यांत गेला.

दगडोबा उपरण्यानं डोळे पुसत राहिले. पाणी काही थांबेना. सत्यभामानं पदरानं नळीचं तोंड पुसलं, पुढं वाकून त्यांच्याकडं बघितलं, आणि पाहुण्या माणसाला बोलावं तसं सांभाळून म्हणाली,

"नवीन दिसताय ह्या कामात. आमचे मालक डोळं मिटून घेतेत."