अंगणातली थडगी

हॅलोविनच्या पार्टीसाठी लोर्ना आजीच्या सुनेने, केंड्राने, अंगणात थर्मोकोलची थडगी उभी केली होती. लहानथोर प्रत्येक पाहुण्याच्या नावाचं एक, खाली एखादी चावट ओळ: 'इथे लॉयड निजलाय, अजूनही घोरतोय.' मुलं काय, मोठी माणसं काय, आपापलं थडगं शोधून त्याच्यापुढे आडवी पडत होती नि फोटो काढून घेत होती.

लोर्ना आजीने चेटकिणीची टोपी सावरत दोन चकरा मारल्या. मग नातीला हळूच विचारलं, "टिली, माझं कुठंय गं? आजीला विसरलात होय?"

 

"विसरतोय कसले! मी करणारच होते. पण मम्मी म्हणाली, आजीचं राहू दे, तिचं खरं दगडाचं आजोबांच्या शेजारी तयार आहे. नुसती तारीख घालायची राहिलीय."