गळती

श्यामसुंदरनं भिरकावलेला पान्हा कालिंदीच्या कोपरावर बसला. "टॉर्च नीट धर, भवाने!" बेहालाच्या गल्लीत स्वतःच्याच ट्रकच्या इंजिनात डोकं खुपसून तो तेल मोजायच्या सळीच्या, डिपस्टिकच्या, नळीशी झगडत होता. पुजोपासून, दुर्गापूजेच्या सणापासून, हे असंच चाललं होतं. आठवडाभर ट्रक हाकायचा आणि सुट्टीचा रविवार ही गळती काढण्यात घालवायचा. नळीच्या बुडाची रबरी रिंग कितीदा बदलली, तरी तेल नळीतून वर यायचं ते यायचंच. मग तो ट्रकवर लाथा घालायचा आणि हाताला येईल ते बायकोवर फेकायचा.

डमडमहून आलेल्या कालिंदीच्या थोरल्या बहिणीला, मंदाकिनीला, ते बघवेना. ती कानाशी येऊन पुटपुटली, "चारचौघांत मार खात कशाला उभी राहतेस? घरात जा की!"

"घरात नको गं, ताई," कोपरावरचं रक्त पदरानं टिपत कालिंदी म्हणाली. "इथं सगळी गल्ली बघत असते, म्हणून एका पान्ह्यावर भागतं. घरात हे आधी माझ्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबतात आणि मग पट्टा काढतात."

संध्याकाळी नवी रिंग बसवून श्यामसुंदर अंघोळीला गेला. कालिंदीनं हत्यारं गोळा केली, गल्लीत कुणी नाहीसं बघून ती इंजिनाखाली वाकली.

पुढच्या रविवारीही तेल गळायलाच हवं होतं; आत हवा कोंडली की ते नळीतून वर चढायचं. इंजिनाची हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडात तिनं तोच बोळा घट्ट कोंबला.