नाव सांगा, बाबा

"गेनबा ना तुम्ही?" निकिताने विचारलं.

"व्हय," सात नंबरच्या खाटेवरचे बाबा म्हणाले आणि त्यांनी आपणहून बाही वर सरकवली.

सुई दंडाला टेकणार तेवढ्यात मागून आवाज आला. "बाबा, तुमचं नाव सांगा."

"मच्छिंद्र."

निकिताचा हात तिथेच थांबला. गेनबा शेजारच्या सहा नंबरवर घोरत पडले होते. सकाळी मच्छिंद्रबाबांना एसीचा वारा सोसेना, म्हणून वॉर्डातल्या मावशींनी दोघांच्या जागा बदलल्या होत्या. कॉम्प्युटरला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या यादीत सात नंबर म्हणजे अजूनही गेनबा, आणि त्यांना दुपारी इन्शुलिन. मच्छिंद्रबाबांना मधुमेह नव्हता. शिवाय ऑपरेशनसाठी ते रात्रीपासून उपाशी होते; त्या सुईने साखर उतरून जीवच गेला असता. त्यांच्या मनगटावर नावाची पट्टी होती, पण तो हात चादरीखाली होता.

"अहो बाबा, मग हो कशाला म्हणालात?" निकिताचा आवाज फाटला.

"तुमी इचारलं म्हून. शिकलेली मानसं तुमी, चुकीचं कशाला इचारशीला?"

मागे द्वारका सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी निकिताच्या हातातली सिरिंज काढून घेतली.

द्वारका सिस्टर नारायण पेठेतल्या जुन्या इमारतीपासून या हॉस्पिटलात होत्या. हॉस्पिटल नगर रोडवर काचेच्या इमारतीत आलं, वरच्या मजल्यावर विमावाले आयटीतले पेशंट आले, औषधांच्या याद्या कॉम्प्युटरवर गेल्या, पण त्यांची एक खोड काही सुटली नाही. गोळी असो की सलाईन, आधी पेशंटला नाव विचारायचं. आपण नाव घ्यायचं नाही, ते त्याच्या तोंडून यायला हवं. बारा दिवस एकाच खाटेवर असलेल्या माणसालाही त्या रोज नाव विचारत. बेशुद्ध पेशंटलाही विचारत, थोडं थांबत आणि मग पट्टी वाचत. पोरी त्यांना हजेरी मास्तरीण म्हणत. सिस्टरना ते माहीत होतं.

एक गोष्ट मात्र पोरींना हसण्यावारी नेता येत नसे. पेशंटने नाव सांगितल्यावरही द्वारका सिस्टर क्षणभर तशाच थांबत. अजून कोणीतरी नाव सांगायचं राहिलंय, अशा. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

दोघी नर्सेसच्या टेबलापाशी आल्या. तिथल्या कॉम्प्युटरवर चुकांच्या नोंदीचा एक फॉर्म होता. चूक घडली, किंवा घडता घडता राहिली, तरी लिहायची. नाव गुप्त राहील, अशी वर सूचना होती आणि तिच्या खाली पहिलाच रकाना नावाचा होता. मागच्या वर्षी एकीने खरं लिहिलं. तिला आठवड्यात मेमो मिळाला आणि महिन्यात नारळ. तेव्हापासून सगळ्या शहाण्या झाल्या. खाली रिसेप्शनवर फलक लागला: या महिन्यातील चुका, शून्य. नातेवाईक तो कौतुकाने वाचत. नर्सेसना त्या शून्याची भीती वाटे. कुठल्या खाटेवर काय होता होता राहिलं, ते त्या डबा खाताना एकमेकींना हळूच सांगत आणि डबा बंद करून कामाला लागत.

"नोंद कर," द्वारका सिस्टर म्हणाल्या.

निकिताने नकारार्थी मान हलवली. "नोकरी जाईल, सिस्टर. माझ्या बाबांची कंपनी बंद पडली, तेव्हापासून घर माझ्यावरच आहे."

"जागा बदलल्या तरी यादी बदलत नाही, हे वर कळायला हवं. उद्या सात नंबरपाशी तुझ्याऐवजी दुसरी कोणी उभी असेल."

"झालं तर काहीच नाही ना पण? सात नंबरचे बाबा मजेत बसलेत. तुम्ही नाही बोललात तर कोणाला कळणारे?"

द्वारका सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. निकिताने त्यांना ड्युटीवर बसलेलं आजवर पाहिलं नव्हतं. त्या सात नंबरकडे बघत होत्या. मच्छिंद्रबाबा वर केलेली बाही नीट खाली ओढून घेत होते.

"नाही कळत कोणाला," त्या म्हणाल्या. "सुई चुकली तरी हार्ट फेल म्हणून लिहितात. मुलगा येतो, आपल्याच पाया पडतो, वडिलांचं फार केलंत म्हणतो. आणि नोकरी जात नाही. माझी गेली नाही."

पलीकडच्या खाटेवर कोणीतरी पाणी मागितलं. निकिता ते देऊन परत आली.

मग निकिताने फॉर्म उघडला. पहिल्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं. खाली सहा आणि सात नंबर लिहिले, जागा बदलल्याची वेळ लिहिली. 'मी पेशंटला नाव विचारलं नाही, मीच सांगितलं,' असंही लिहिलं. ते वाक्य लिहायला तिला फार वेळ लागला. लिहून झाल्यावर ती मागे न बघता म्हणाली, "सिस्टर, काय नाव होतं त्या पेशंटचं?"

"तेच विचारायचं राहिलं," द्वारका सिस्टर म्हणाल्या.