चार पुस्तकं

या मंडळी, जवळ सरकून बसा. शिणल्या जिवाला बरं वाटेल अशी एक हकीकत सांगतो.

सन चौसष्टची गोष्ट, सांगलीच्या एका कॉलेजातली. ऑनर्सच्या खास वर्गासाठी मुलं निवडणारे गोगटे सर सकाळपासून अर्ज केलेल्या एकेका विद्यार्थ्याला विचारत होते, "ऑनर्सच कशाला हवंय?" आणि "ज्ञानाची ओढ, सर," हे उत्तर अकरा जणांकडून ऐकून पार दमले होते. शेवटी आला तासगावकडचा लालासाहेब, मार्क अगदी काठावर.

"तुलाही ज्ञानाचीच ओढ असेल," पेनाला टोपण लावत सर म्हणाले.

"न्हाई सर. साध्या वर्गाला लायब्ररीतनं आठवड्याला एकच पुस्तक मिळतं. ऑनर्सवाल्यांना चार."

"एक तरी वाचून होतं का रे तुझं?"

"न्हाई हुत, सर."

"मग चार घेऊन काय उशाला ठेवणार?"

लालासाहेब खाली मान घालून म्हणाला, "धाकली भण हाय, लीला. सातवीत पयली आली, पर दोघांचं शिक्षण घरच्यांना झेपंना, म्हणून तिला काढली. आता रानातनं भांगलणीचं तण काढून आली की माझं पुस्तक घिऊन बसती. दोन दिसांत संपीवती, आन् शनिवारपातूर तेच परत वाचती."

सरांनी टोपण काढलं आणि त्याच्या अर्जावर सही केली.



लालासाहेब पुढं पास झाला की नाही, हे विसरलात तरी चालेल. देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या लीलाबाईची मात्र आठवण ठेवा.