गादी

पाचोऱ्याच्या पांजरापोळीत लाडकुंवर रोज सेवेला जायची. गाईंना चारा घालून झाला, की मागच्या पडवीतल्या बेवारस कुत्र्यामांजरांची मलमपट्टी करायची. तिथले कारभारी तिचे सासरे, झुंबरलालशेठ. एके सकाळी त्यांनी गड्याला फर्मावलं, “मंगा, ही सगळी घाण रुळांपलीकडे सोडून ये. पांजरापोळ गाईंसाठी आहे.” आणि ते पेढीवर निघून गेले. चार पिलं पाजणाऱ्या आंधळ्या कुत्रीपाशी मंगा घुटमळला. “भाभी, आते काय करू वं?” सासऱ्यांसमोर लाडकुंवरने कधी घुंगट वर केला नव्हता. तिने डोक्यावरची ओढणी उतरवली, पिलं तिच्यात बांधली आणि उघड्या डोक्याने भर बाजारातून निघाली. आंधळी आई वासावर मागोमाग. पेढीवर पोचताच तिने पिलं पांढऱ्या गादीवर सोडली. “बापूजी, रुळांपलीकडे कुणी जाणार नाही.” शेठ ताडकन उठले. त्यांच्या रिकाम्या जागेवर लाडकुंवर मांडी घालून बसली.