कलप

शिरोलीच्या फाउंड्रीत निम्मी जिंदगी घालवलेला शिवकुमार चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच बाईमाणसाबरोबर पिक्चरला आला होता. शेजारी प्रेरणा होती, मध्यस्थानं सुचवलेलं स्थळ.

पडद्यावरचा त्याच्याच वयाचा हिरो कलप लावून पोरगी बघायला गेला, आणि त्याच्या कानामागं राहिलेला काळा डाग बघून अख्खं थेटर खदाखदा हसलं. सकाळीच न्हाव्याकडनं कलप लावून आलेला शिवकुमार खुर्चीत खाली सरकला. आपला कुणाला संशय नको म्हणून तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडला, “अरं, केसं काळी करून वय लपतंय व्हय?”

मध्यंतराला दिवे लागले. प्रेरणा मान खाली घालून पदरानं कानामागं घासत होती.

 

“गेला का हो डाग?” तिनं हळूच विचारलं.