गुणाजीचं गाऱ्हाणं

गुणाजीनं नारळ उचलला, पण हात असा थरथरला की तो परत पाटावर ठेवावा लागला. साडेसहा वाजले होते. दसरा म्हणून भोईवाड्यातलं औषधाचं दुकान आज सातलाच बंद होणार, आणि इथे नायगावच्या चाळीत अख्खा मजला गॅलरीत हात जोडून त्याच्याकडे बघत उभा. निघावं तरी कसं? गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. गावाकडे बाप घालायचा, मुंबईत तो. त्यानं देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा व्हय म्हटलं की देवाला शब्द दिला. तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

यंदाचं गाऱ्हाणं त्याच्याच पायासाठी होतं, हीच तर पंचाईत. जानेवारीत लालबागच्या गोळीबारात त्याच्या मांडीत गोळी शिरली. तेव्हाच्या कळा खऱ्या होत्या, डॉक्टरांनी लिहून दिलेली पेथिडिनची सुईही खरीच. पण श्रावणापर्यंत जखम भरली, सुई मात्र सुटली नाही. तो लंगडत राहिला, कण्हत राहिला, आणि चिठ्ठ्या मिळत राहिल्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळी खाल्लेला माणूस, त्याला नाही कोण म्हणणार? चाळीनं तर त्याला डोक्यावरच घेतलं होतं. बायको, मालन, मिलमधून आल्या आल्या त्याचा पाय तेलानं चोळायची. तिचे हात लागले की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज सकाळी त्यानं धीर करून डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर चिडले, स्वतःवरही. मग म्हणाले, इस्पितळात तीन आठवडे राहिलास तर सुटशील, पण घरचं माणूस बरोबर आण, चोरून हे सुटत नाही. त्यानंतर तो दिवसभर मालनच्या मागेपुढे घुटमळला, पण तोंड काही उघडेना.

आता नाक गळत होतं. जांभयांवर जांभया येत होत्या, कातडीखाली मुंग्या धावत होत्या. सुईची जुनी चिठ्ठी अजून खिशात होती. उरकून टाकू, त्यानं ठरवलं. दोन वाक्यं बोलायची, नारळ फोडायचा आणि जिना गाठायचा.

"बा देवा रवळनाथा, तुझी लेकरां पोटासाठी मुंबयत इली, तेंची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" गॅलरी गरजली.

पुढचं वाक्य ठरलेलं होतं, पायाचं दुखणं काढ. त्याची नजर मालनकडे गेली. नवरात्राच्या उपासांनी ती वाळली होती. डोळे गच्च मिटून त्याच्याच पायासाठी उभी होती. खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"माझो पाय कधीच बरो झालो, म्हाराजा. माका सुयेचा येसन लागला हा. उद्या माका इस्पितळात घेऊन जावक कोणाक तरी बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळे ओरडले.

मग एकेकाला उमगलं आपण काय ऐकलं ते. जोडलेले हात तसेच राहिले. त्याच्या गोळीची गोष्ट साऱ्या नायगावला सांगत फिरणारा शेजारी, कोंडीराम, जमिनीकडे बघू लागला. गुणाजीला वाटलं, आता आपलं इथलं अन्नपाणी संपलं.

मालननं डोळे उघडले. पाटावरचा नारळ उचलून तिनं त्याच्या थरथरत्या हातांत ठेवला, वरून आपले तेलाचा वास येणारे हात घट्ट धरले, आणि एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."